नानांच्या गाडीचं छप्पर

हे बायकोलासुद्धा माहीत नाही. तिच्यापासून माझं काही लपत नाही, असा तिचा समज आहे — असू दे. तुम्हाला मात्र सांगतो.

मला लहानपणापासून गाड्यांचं वेड. नुसतं चालवायचं नव्हे — त्यांना बदलायचं. जुनी गाडी घ्यावी, नको ते काढून टाकावं, रुंद टायर चढवावेत, इंजिन असं करावं की सुरू झाल्यावर गल्ली दारात यावी. वडील म्हणायचे, कार्टं वाया गेलं. धुळ्यात, देवपुरात पत्र्याची शेड घालून मी त्याच वेडाचा धंदा सुरू केला, तेव्हा ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. सहा महिने कुत्रं फिरकलं नाही.

मग सावद्याच्या एका केळीवाल्या पाटलांचा मुलगा आला. त्याला वरातीसाठी उघडी गाडी हवी होती, जुनी विलायती, लालभडक. मी हो म्हणून बसलो. गाडी कुठून आणणार?

अमळनेरला नाना होते. पूर्वी कापसाची दलाली करायचे. त्यांची काळी मोटार कित्येक वर्षं गोठ्याशेजारी उभी होती. विकत मागायला बरेच आले, नानांनी कुणाला दिली नाही. मला दिली — कारण मी बॉनेट उघडून तासभर नुसता बघत बसलो होतो. ते खरं होतं हो, ते नाटक नव्हतं. देताना एवढंच म्हणाले, "बठ्ठं कर, पन हिले कापू नको, भाऊ. तुन्ही अक्का हिन्हामा बठेल शे." बाकी सगळं कर, पण कापू नको, म्हणाले; या गाडीत बसायची ती अक्का, म्हणजे त्यांची बायको, दोन वर्षांपूर्वी गेली होती.

मी त्यांच्या पाया पडून शब्द दिला. सावद्याचं काम ठरलेलं असताना दिला.

आठव्या दिवशी गॅस कटरने छप्पर उतरवलं. आणि — हे सांगायला सगळ्यात जड जातं — मला आनंद झाला. इतकी देखणी गाडी मी पुन्हा केली नाही. गाडी पाटलांकडेच गेली; वरात सावद्यात गाजली म्हणतात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नानांचा निरोप आला: गाडीची पूजा करायला येतोय. तेव्हा खरं सांगता आलं असतं ना? एसटीने अमळनेर काही लांब नाही. पण मी काय केलं? एका वकिलांची तशीच काळी गाडी दुरुस्तीला आली होती. ती पुसून पुढे आणून ठेवली. नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, हे मला ठाऊक होतं. त्यावरच भिस्त ठेवली.

नाना झेंडूचा हार घेऊन आले. चाकाशी नारळ फोडला, बॉनेटवर आपट्याची पानं ठेवली. मग चाचपत डाव्या बाजूला गेले आणि आत बसले, अक्का बसायची तिथे. आतूनच दार दोनदा उघडून लावून पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला.

"दार नीट करी टाकं रे तू! तुन्ही अक्काले आतून कधी उघडनं नही. मीच फिरीसन उघाडू."

अक्काला ते आतून कधी उघडलं नाही, नानाच फिरून येऊन उघडायचे; आणि हे दार तर वकिलांच्या गाडीचं. मी म्हणालो, "हो नाना, केलं नीट."

बास. एवढंच बोललो. शेडच्या मागे जाऊन रडलो, पण रडून काय होतं?

नंतरच्या दसऱ्यांना त्यांना प्रवास झेपेना. पण त्यांनी अमळनेरभर सांगितलं, की देवपूरचा हा पोरगा शब्दाला जागतो. लोक आजोबांच्या, सासऱ्यांच्या जपलेल्या गाड्या माझ्याकडे आणू लागले. नानांचं नाव सांगून आणू लागले. त्यांतली एकही मी कापली नाही — हे माझ्या बाजूने मोजू नका. शेडचं गॅरेज झालं, गॅरेजवर घर उभं राहिलं, ते सगळं नानांच्या त्या बोलण्यावर.

नव्वदच्या दशकात कधीतरी नाना गेले. दहाव्याला गेलो होतो. त्यांच्या मुलाने माझा हात धरून भाऊबंदांसमोर नेलं आणि म्हणाला, नानांची गाडी यांनी जपली. सगळ्यांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. मी मान खाली घातली आणि हात जोडले. लोकांना तो माझा विनय वाटला, आणि मी तो वाटू दिला.