लूपवरची गाडी

नाना गेले त्या दिवशी सकाळी आमचं लोणच्यावरून भांडण झालं होतं. डॉक्टरने मीठ जवळजवळ बंद केलेलं, म्हणून मी बरणी वरच्या कपाटात, तांदळाच्या डब्यामागे लपवली होती. आणि माझ्या मीटिंगचा मोका साधून पंच्याहत्तर वर्षांचा हा माणूस स्टुलावर चढून ती काढतो काय आणि ओट्याशी उभा राहून पोळीला लोणचं लावून खातो काय! मी बोलले, चांगलीच बोलले. त्यांनी शांतपणे बोटं चाटली, बरणी मला परत दिली आणि वर आपल्या खोलीत गेले. दुपारी तीनच्या सुमारास माझी मुलगी आर्या त्यांना चहा द्यायला गेली, आणि जिन्यातून तिची अशी काही हाक आली की मी हेडफोनसकट धावले. नाना खुर्चीत बसल्याबसल्याच गेले होते. अॅम्ब्युलन्सवाले निळे गाऊन आणि मास्क घालून आले, बराच वेळ झटले, आणि मग त्यातली एक मुलगी माझ्यासमोर गुडघ्यांवर बसून 'सॉरी' म्हणाली. लॉकडाऊन होता. तिला माझ्या खांद्यावर हात ठेवायचा होता, तो अर्ध्यात थांबला.

त्याला आता सहा आठवडे झाले. नाना म्हणजे माझे सासरे. रेल्वेत आयुष्य गेलं. नोकरीची पहिली वर्षं मिरजेच्या यार्डात, जिथे अरुंद मीटरगेजचा माल उतरवून रुंद ब्रॉडगेजच्या डब्यात भरावा लागायचा, आणि पुढे कंट्रोल ऑफिसात. कंट्रोलर म्हणजे गाड्या चालवणारा नव्हे, कुठली गाडी कुठे थांबवायची आणि कुठली आधी सोडायची ते ठरवणारा. समोर भला मोठा तक्ता, त्यावर आडवी वेळ, उभी स्टेशनं, आणि प्रत्येक गाडीची पेन्सिलीने ओढलेली तिरकी रेघ. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी त्यांच्या खिशात टोक केलेली पेन्सिल असायची. आर्याला शाळेत सोडायला दहा मिनिटं उशीर झाला तर ते माझ्याकडे अशा नजरेने बघायचे, की वाटावं मी एखादी मेल गाडी अडवून धरली आहे.

२०२०च्या फेब्रुवारीत ते सिडनीला, केलीव्हिलच्या आमच्या घरी तीन महिन्यांसाठी आले. एकटेच. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, विमानाची जबरदस्त धास्ती. "तुम्ही या जाऊन, मी काय त्या डब्यात बसायची नाही," म्हणून त्या मिरजेतच राहिल्या. लग्नाला बावन्न वर्षं झाली होती आणि इतके दिवस ती दोघं कधी वेगळी राहिली नव्हती. नाना आले आणि महिन्याभरात दोन्हीकडची दारं बंद झाली. पहिले काही दिवस ते टीव्हीसमोरून हलले नाहीत. मग एक दिवस चहा पिताना म्हणाले, "मला लूपला घातलंय, मीनल. मालगाडी असते ना, मेल पुढे जाईस्तोवर बाजूच्या लाइनवर उभी... तशी." आणि त्या दिवसापासून रोज सकाळी मी लॅपटॉप उघडला की मागून प्रश्न यायचा, "सिग्नल आला का?" म्हणजे, भारतात परत नेणाऱ्या खास विमानांच्या यादीत त्यांचं नाव लागलं का. फॉर्म मी भरला होता, ईमेल माझाच दिला होता. माझा नवरा निखिल असल्या कामांत कधी पडत नाही, तेव्हा सगळा कारभार माझ्याकडे.

वाट बघणारा माणूस काहीतरी धरून बसतो. नानांनी महायुद्धं धरली. त्यांना हे वेड जुनंच होतं, पण आता ऐकायला कोंडलेलं कुटुंब मिळालं! जेवणाच्या टेबलावर आमटीचं पातेलं म्हणजे फ्रान्स, भाताचा कुकर म्हणजे जर्मनी, आणि मधली चटणीची वाटी म्हणजे बिचारा बेल्जियम. मला तर नाकी नऊ आले होते. पण खरं सांगते, शाळेत मी जे पाठ केलं आणि विसरले, ते त्यांनी मला पोळ्या लाटताना समजावलं. लाखो माणसं एवढ्याशा जमिनीसाठी का मेली, खंदकातून बाहेर का पडता येईना? नाना म्हणायचे, अगं, साधं आहे, बचाव करणाऱ्याच्या पाठीशी रेल्वे होती आणि हल्ला करणाऱ्याला पायी जायचं होतं. मशीनगन आणि काटेरी तार ओलांडून, चिखल तुडवत तो मैलभर पुढे गेला, की तोवर समोरच्याची ताजी पलटण गाडीतून उतरलेली असायची. पुढे रणगाडा आला, विमानं आली, त्यात वायरलेस बसला, तेव्हा कुठे दुसऱ्या युद्धात ही कोंडी फुटली. आणि त्याच जर्मनांची रशियात पुन्हा जिरली, का, तर रुळांचं माप वेगळं! "मिरजेला दोन वर्षं हमाली बघितलेला कुणीही त्यांना सांगू शकला असता," असं म्हणून ते मनापासून हसायचे. हिटलरच्या फौजा मॉस्कोजवळ थंडीत गारठल्या त्याचं खापर नाना थंडीवर कधी फोडत नसत, मालधक्क्यावर फोडत.

त्या एप्रिलमध्ये अॅन्झॅक डेची, म्हणजे इथल्या युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाची, परेड रद्द झाली. लोकांनी पहाटे आपापल्या ड्राइव्हवेवर मेणबत्ती घेऊन उभं राहावं असं ठरलं. आम्ही तर झोपलो असतो, पण नाना साडेपाचला स्वेटर आणि कानटोपी घालून तयार. समोरचे ब्रायन, त्यांचे आजोबा पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानात गॅलिपोलीला लढलेले, आपल्या फाटकाशी उभे होते. रेडिओवरचा बिगुल संपल्यावर नाना रस्त्याच्या मध्यापर्यंत गेले, अंतर राखून थांबले आणि आपल्या रेल्वेच्या इंग्रजीत म्हणाले, की तुमच्या आजोबांना पाणी आणि दारूगोळा डोंगरावर आमच्या हिंदुस्थानी खेचरांनी पोचवला, आणि त्यांच्यासोबत चालणाऱ्या आमच्या माणसांनी. ब्रायनना हे ठाऊक नव्हतं. त्यांनी टोपी काढली. त्यानंतर रोज आरवोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, दोघं आपापल्या बाजूला खुर्च्या टाकून रस्त्यापलीकडे गप्पा मारायचे. नाना आत येऊन सांगायचे, ती सगळी पोरं नाताळपर्यंत परत येऊ म्हणून निघाले होते गं...

आता मला ज्याच्यासाठी हे लिहायचं आहे ते सांगते.

ऑगस्टमध्ये सिग्नल आला. दिल्लीपर्यंतची एक सीट, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचं. ईमेल मी सकाळी उघडला, आणि त्याच वेळी मागून नेहमीचा प्रश्न आला. मी म्हटलं, "नाही नाना, आज पण नाही." का म्हटलं? तीन आठवड्यांपूर्वी माझा सख्खा मामा पुण्यात बेड शोधता शोधता गेला होता. दिल्लीत सात दिवस एकटं विलगीकरण, तिथून पुढे मिरज, चौऱ्याहत्तरचा माणूस, बीपीच्या दोन गोळ्या. मला सरळ दिसत होतं की मी त्यांना मरायला पाठवतेय. हे सगळं खरं आहे. पण दुसरंही खरं आहे, आणि ते लिहिताना लाज वाटते. नाना होते म्हणून माझं घर चालत होतं. मी आणि निखिल दिवसभर दारं लावून कामात, आणि आर्याचं जेवण, तिचा अभ्यास, तिचं रडणं-रुसणं सगळं नानांकडे. मला त्यांची सोय झाली होती. मी दिवसभर थांबले, निखिलला विचारलं नाही, आईंना विचारलं नाही, नानांना तर नाहीच, आणि संध्याकाळी उत्तर टाईप केलं की प्रवास करणं शक्य नाही. नाव यादीच्या तळाशी गेलं.

त्याच आठवड्यात आर्याला शाळेतून असाइनमेंट होती, पहिल्या महायुद्धाची कारणं. शिक्षिकेने चार दिली होती, शस्त्रांची चढाओढ, आपसातले करार, साम्राज्याची हाव, राष्ट्राभिमान. नानांनी सगळी मान्य केली आणि मग ग्राफ पेपर पसरला. त्यावर त्यांनी १९१४च्या उन्हाळ्यातल्या जर्मन सैन्याच्या गाड्या ओढायला घेतल्या, एकामागून एक तिरक्या रेघा. मी ओट्याशी कोथिंबीर चिरत होते. ते सांगत होते, की शेवटच्या क्षणी त्यांच्या बादशहाला वाटलं, पश्चिमेला फ्रान्सवर जायला नको, सगळं सैन्य पूर्वेला वळवा. सेनापती म्हणाला, जमणार नाही महाराज, वेळापत्रक ठरलेलं आहे, गाड्या निघाल्या. आणि जग पेटलं. आर्या म्हणाली, "सो इट वॉज इम्पॉसिबल, आजोबा?" नानांनी पेन्सिल खाली ठेवली.

"अजिबात नाही. त्यांच्याच रेल्वेच्या साहेबाने नंतर कागदावर मांडून दाखवलं, करता आलं असतं. बाळा, मी सदतीस वर्षं गाड्या वळवल्यात. 'जमणार नाही' म्हणणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा ते नको असतं."

माझ्या हातातली सुरी थांबली. मला नाही वाटत त्यांना काही ठाऊक होतं, ते माझ्याकडे बघतही नव्हते. आर्याने ते सगळं तसंच लिहिलं आणि तिला 'बी' मिळाला, युद्धाचं कारण फक्त वेळापत्रक नव्हे असा शेरा मारून. नाना दोन दिवस त्या शिक्षिकेवर धुमसत होते. आणि मी? मी तेव्हाही बोलू शकले असते. भारतीय वकिलातीला फोन करून चूक झाली म्हणता आलं असतं. नाही केलं. ऑक्टोबरमध्ये त्यांना पहिला अटॅक आला, स्टेंट बसले, डॉक्टरने काही महिने लांबचा प्रवास नको सांगितलं. पुढच्या एप्रिलमध्ये डॉक्टर जा म्हणाले तेव्हा तिकडे दुसऱ्या लाटेने कहर केला आणि विमानंच थांबली. जूनपासून सिडनीच बंद. मधल्या काळात नानांनी सकाळचा प्रश्न विचारणं कधी सोडलं ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. तो बंद झाल्यावर मला बरंच वाटलं असणार.

अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी, आम्ही पाच जण होतो. ब्रायन बाहेर पार्किंगमध्ये कोट घालून उभे राहिले. आई मिरजेत शेजारच्यांच्या टीव्हीवर बघत होत्या. कॅमेरा वर कोपऱ्यात बसवलेला, एकाच जागी. मध्येच निखिलच्या फोनवर त्यांचा निरोप आला, की पाय दिसत नाहीत, नमस्कार कुठे करू. निखिलने तिथल्या बाईंना विनंती केली, पण कॅमेरा हलत नव्हता. पडदा सरकला... आणि झालं. अस्थी घरात ठेवू नयेत म्हणतात, पण विमानं सुरू होईपर्यंत न्यायच्या कुठे? निखिल गॅरेजमध्ये ठेवायला निघाला तर आर्या आडवी आली. "इट्स फ्रीझिंग इन देअर, बाबा." मग आईंच्या हातची गोधडी गुंडाळून आम्ही त्या नानांच्याच खोलीत ठेवल्या.

महिन्याने मी निखिलला सांगितलं. तो मागच्या अंगणात जाऊन गवत कापायला लागला आणि अर्धं सोडून तिथेच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी आईंना फोन केला. सगळं सांगितलं, मामाचं, भीतीचं, आणि सोयीचंही, काही वगळलं नाही. मला वाटलं त्या रडतील, नाहीतर चिडतील, किंवा मोठ्या मनाने म्हणतील जाऊ दे गं. खोटं कशाला बोलू, त्या शेवटच्या वाक्याचीच मी वाट बघत होते. त्या म्हणाल्या, "तुला भीती वाटली, ते कळतं मला. पण माझं माणूस होतं, मीनल. मला विचारायचं होतंस." आणि फोन ठेवला.

तीन दिवस त्यांनी फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी त्यांचाच व्हिडिओ कॉल आला. चेहरा ओढलेला, पण केस नीट विंचरलेले, इस्त्रीचं पातळ. कशी आहेस नाही, काही नाही. म्हणाल्या, ते जिथे राहायचे ती खोली मला दाखव. मी जिना चढले. पलंग दाखवला, खुर्ची दाखवली. उशी कुठल्या बाजूला घ्यायचे, विचारलं. खिडकीतून काय दिसायचं, विचारलं. मी फोन काचेला लावून कुंपण दाखवलं, पलीकडचं लिंबाचं झाड दाखवलं, त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, आणि ते कुठे आहेत? मी फोन गोधडीकडे वळवला.

"त्यांच्याजवळ ठेव मला," आई म्हणाल्या. "आणि तू बाहेर जा."

मी फोन गोधडीला टेकवून उभा केला आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं.