पाडला त्यानेच उचलायचा

चित्रपटातला खलनायक मेला की आमच्या घरातले सगळे उठत. कुणी पाणी प्यायला जाई, कुणी मोबाइल काढी. गोमाकाका मात्र तेव्हाच सावरून बसत. नायक आकाशात उडून गेलेला असे, शहराचे तुटलेले पूल मागे धुमसत असत, पडद्यावर नावे सरकू लागत; आणि काका गुडघ्यांभोवती हात बांधून शेवटच्या नावापर्यंत वाट बघत. मग वळून विचारत, “उचलला नाय ना कोनी?”

“कुणाला, काका?”

“त्या मेलेल्याला गो. पाडला नि गेला उडून. ह्यां काय खरं नाय.”

गोमाकाका आणि काकी आमचे शेजारी. शहापूरहून मुरबाडकडे येताना मुख्य रस्ता सोडून आत आले, की हवा स्वच्छ असेल तर सिद्धगड दिसतो; तिथल्या आमच्या गावात त्यांची भाताची गिरणी होती. काकांच्या भुवयांवर कायम कोंड्याची पूड आणि यंत्राशी चढाओढ करून वाढलेला आवाज. माणूस चिडका होता आणि बराचसा बढाईखोरही. वर्षातून एका सकाळी तो महिषासुर होई.

बोहाडा हा आमच्याकडचा उन्हाळ्यातला मुखवट्यांचा उत्सव. देवांची आणि राक्षसांची सोंगे संबळाच्या तालावर देवळापुढे नाचत येतात आणि शेवटच्या सकाळी देवी महिषासुराला मारते. महिषासुराचा मान काकांच्या घराण्याकडे होता. देवीचे सोंग त्यांचा धाकटा भाऊ वामन घेई. आमच्या गावाने त्यात स्वतःची एक रीत घातली होती. महिषासुर पडला की खेळ संपत नसे. देवीने तलवार खाली ठेवायची, दोन्ही हात पुढे करायचे आणि त्याला उठवून उभे करायचे. तोवर संबळ थांबायचा नाही.

“पाडला त्यानंच उचलायचा,” काका सांगत. “सकाळी मारलान, तरी सांजचं पानी त्याच्याच पाटातून यायचंय ना?”

मी पदार्थविज्ञानाची विद्यार्थिनी. अतिमानवी नायकांच्या चित्रपटांवर मी महाविद्यालयात एक भाषण तयार केले होते, आणि सुट्टीत ते काकांवर वापरून पाहिले. माझे म्हणणे असे, की हे खलनायक फसतात ते रचनेतच. त्यांची शक्ती ही नायकाचीच शक्ती, फक्त रंग बदललेली. त्यांना जग नष्ट करायचे असते, आणि जग ही इतकी मोठी वस्तू आहे की तिच्या नाशाची प्रेक्षकाला प्रत्यक्षात काहीच भीती वाटत नाही. शिवाय त्यांचे दुःख त्यांना मरणापूर्वीच्या एका संवादात उरकावे लागते.

काकांनी दुसरा मुद्दा तत्काळ मान्य केला. “जग बुडवायचंय म्हनं! मग हा भाड्या राहनार कुठं?” पहिला मुद्दा त्यांना पटला नाही, आम्ही जोरात भांडलो आणि शेवटी त्यांनी हार मानली, म्हणजे चहा मागितला. जाताना दारात थांबून म्हणाले, “तुझं समदं बरोबर हाय बाय. पन त्या दोघांचं नातं काय, ते तू सांगितलंसच नाय. वळख ना पाळख, आनि मारामारी कसली करतान?”

त्यांच्या स्वतःच्या मारामारीला नाते होते, आणि तेच पुढे नडले.

गावाबाहेर, मुरबाडच्या रस्त्याला लागून दोघा भावांची सामाईक जमीन होती. बंगल्यांचे प्लॉट पाडणारे लोक आले, तेव्हा वामनकाकांनी होकार दिला. त्यांच्या मुलाला आसनगावला स्टेशनाजवळ दुकान टाकायचे होते. शेतीत त्याचे मन नव्हते आणि दुसरी नोकरी मिळत नव्हती. गोमाकाकांनी सही नाकारली. एकदा कुंपण घातले की खालच्या शेतांची वाट आणि पाणी दोन्ही जाणार, हे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजू मी माझ्या सवयीने तपासल्या. दोन्ही खऱ्या होत्या. व्यवहार मोडला, दुकानाची जागा दुसऱ्याने घेतली आणि वामनकाकांचा मुलगा भिवंडीच्या गोदामात पाळ्या करू लागला. भावाभावांचे बोलणे बंद झाले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात काका आमच्याकडे चित्रपट पाहायला आले, पण पडद्याकडे त्यांचे लक्ष नव्हते. मध्येच म्हणाले, “वामन्याच्या घरात मी आता खराच म्हैसासुर झालो गो. त्याच्या पोराचं जग बुडवलं मी.”

“मग सही करणार?”

“नाय.” मग म्हणाले, “पन बोहाड्याला तो येईल. मान त्याचा हाय. मारील, मंग उचलील. हात तर लावील ना?”

वर्षभराचा अबोला त्यांनी त्या एका क्षणावर तोलून धरला होता. त्यांच्या तोंडचे ते वाक्य ऐकले आणि मला धास्ती वाटू लागली.

वामनकाका आले. देवीचा मुखवटा, हिरवे लुगडे, हातात तलवार. त्या सकाळचे युद्ध दरवर्षीपेक्षा लांबले. तलवारी ताल सोडून आदळत होत्या. अखेर महिषासुर कोसळला. देवीने तलवार खाली ठेवली. सगळ्यांनी श्वास सोडला. देवी तशीच उभी राहिली, मग वळली आणि हात पुढे न करता देवळामागे निघून गेली.

संबळ वाजत राहिला. ऊन चढू लागले. धुळीत उताणे पडलेले काका हलले नाहीत. जाणती माणसे पुढे झाली. एकाने हात दिला, “उठ रे गोमा, झाला आता खेळ.” मुखवट्याच्या आतून घोगरा आवाज आला, “हात लावू नुको. ज्यानं पाडला तो येईल.”

संबळ वाजवणारे बाबा म्हातारे होते. घामाने त्यांच्या हातातल्या काड्या निसटू लागल्या. ते पुन्हा पकडत, पुन्हा वाजवत. रीत होती, आणि ती मोडायची कुणाची छाती नव्हती. बायका कुजबुजायला लागल्या. मी देवळाच्या कोपऱ्याकडे बघत होते. तिथून कुणी आले नाही. बाबांची एक काडी खाली पडली आणि ती उचलायला ते वाकले, तेव्हा गोमाकाका एका कुशीवर वळले, हात टेकून उठले आणि स्वतःचा मुखवटा स्वतः उतरवून देवळात ठेवून आले. त्यांच्या कपाळावर कातड्याच्या पट्ट्याचा वळ उठला होता. आमच्याकडे त्यांनी पाहिले नाही.

नंतर काका मला गिरणीत भेटले तेव्हा यंत्र बंद करून बोलले, एवढ्यावरूनच मला गांभीर्य कळले. “मुखवट्यातनं फकस्त पाय दिसतात, बाय. त्याचं पाय वळलं तवाच समजलो. दुसऱ्याचा हात धरून उठलो असतो, तर वामन्याला माघारी यायला वाटच नसती राहिली. म्हनून पडून राहिलो. पन बाबा काडी उचलाया वाकला तवा त्याचं हात दिसलं, ते बघवंनात.”

वामनकाका गावात वेगळेच सांगत होते. “मी देवळामागं मुखवटा काढून उभा व्हतो. येनारच व्हतो. पन त्यालाच दम निघाला नाय. उठला आपला आपन. मंग मी कशाला जाऊ?”

हे खरे होते की नंतर सुचलेले, हे तपासायला माझ्याकडे कोणतेही साधन नाही. गोमाकाकांनी मात्र ते खरे मानले. “मी घाई केली,” ते कुणालाही सांगू लागले, भात भरडायला आलेल्या परक्या माणसालासुद्धा. “अजून वाईच पडून राहायला व्हवं व्हतं.” पुढच्या उन्हाळ्यात दोघांनीही मान घेतला नाही आणि बोहाडा त्या युद्धावाचूनच झाला. टीव्हीवर कुणी खलनायक मेला की काका आता इतरांच्या आधी उठून जात.

भातलावणीच्या दिवसांत छातीत कळ येऊन ते गिरणीतच गेले. मी पुण्याहून पोहोचले, तेव्हा तिरडी बांधून झाली होती. वामनकाका अंगणाच्या कडेला पावसात उभे होते. लोकांनी वाट दिली. ते पुढे आले, डोक्याकडच्या बांबूवर त्यांनी हात ठेवला आणि तिथेच थिजले. हात मागेही घेईनात, उचलीनातही. सगळे थांबले. भटजी काही बोलणार होते, तेवढ्यात उंबऱ्यात बसलेल्या काकींनी मान वर केली.

“भावजी, उचला आता,” त्या म्हणाल्या. “ह्या टायमाला ते आपनहून उठनार नायत.”