आत्याच्या अंगणातलं सीताफळ

सिरसाळ्यात आजवर जेवढी भांडणं झाली, त्यांतली निम्मी माझ्या आत्याने केली आणि उरलेली तिच्यामुळे झाली. आत्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. नोकरीतून ती निवृत्त झाली, रागातून नाही. दूधवाला, टपालवाला, सकाळी फोनवर गुलाबाची फुलं पाठवणारे नातेवाईक, सगळ्यांना सारखाच प्रसाद. सगळ्यात जास्त शिव्या मात्र अंगणातल्या सीताफळाने खाल्ल्या. याच झाडाच्या पानांतून तिने एकेकाळी एक द्रव्य वेगळं काढलं होतं. काचेच्या बशीत वाढवलेल्या, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या पेशींवर ते टाकलं की पेशी मरायच्या. "साध्या पेशीला आपली वेळ भरली की मरायचं कळतंय," आत्या सांगायची. चिडली की तिची कॉलेजातली भाषा गळून पडते. "कॅन्सरची पेशी ते इसरती. ह्यो रस तिला आठवन करून देतो. तेबी बशीत! बाईच्या पोटात काय व्हतंय, कुनाला ठाव न्हाई!"

पेपरात छापून आलं ते असं: सीताफळाच्या पानाने कॅन्सर बरा. आत्याने परळीला जाऊन त्या बातमीदाराला भर बाजारात गाठलं. "बशीतल्या पेशी फिनाईलनंबी मरत्यात! बायकूला फिनाईल पाजतो का?" तो शांतपणे म्हणाला, "म्याडम, फिनाईलची बातमी कोन वाचंल?" तेव्हापासून लोक पाला ओरबाडायला यायला लागले. आत्याने झाडाभोवती बाभळीचे काटे लावले, कुत्रा बांधला. लोकांची बिस्किटं खाऊन कुत्राच त्यांना शेपूट हलवत झाडापर्यंत नेऊ लागला.

आमच्या मागल्या दारी ऊसतोडीला जाणारी शांताबाई राहायची. तिच्या अंगावरून रक्त जात होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, कॅन्सर आहे, पण सुरुवात आहे, आत्ताच मोठ्या दवाखान्यात जा. पण ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बाई बसली की कोयता मोडला, मजुरी बंद. "पट्टा पडल्यावर बघू," असं टोळीच्या मुकादमाने ठरवलं. पट्टा पडतो कारखाना बंद झाल्यावर, म्हणजे पार उन्हाळ्याच्या तोंडावर. तोवर काढ्याला म्हणून तिने मागच्या बाजूने आत्याच्या झाडाचा पाला गाठोडंभर नेला.

पट्टा पडून ऊसतोडीहून परत आली तेव्हा ती ओळखू येईना. आत्या कडाडली, "माज्या दारातून पाला नेलास आन् मलाच इचारलं न्हाईस? कावून गं?"

शांताबाई उंबऱ्यावर बसत म्हणाली, "तुमी लई वराडता, आक्का. भ्या वाटलं."

आत्याने तिला त्याच दिवशी अंबाजोगाईला दवाखान्यात नेलं, महिनाभर तिच्या उशाशी बसली. उशीर झाला होता. शांताबाई गेली.

माझा राग अजून गेलेला नाही. त्या बातमीदारावर आहे, मुकादमावर आहे, बाईला आजारी पडायचीसुद्धा सवड न देणाऱ्या त्या कोयत्यावर आहे. आत्याने मात्र काटे काढून टाकले. आता ती झाडाखाली खुर्ची टाकून बसते. परवा एक बाई आली आणि तिने फांदीला हात घातला. सवयीने मी कानांवर हात ठेवले.

"बस, माय," आत्या हळूच म्हणाली. "पानी पी. काय व्हतंय ते सांग. आपुन दोघी संगं दवाखान्यात जाऊ."

तिचा तो मऊ आवाज मला ऐकवेना. वाटलं, एकदा, फक्त एकदा, हिने पूर्वीसारखं ओरडावं.