देणारी मी असते तर

संगणकाचा पडदा समोरच्याकडे वळवायचा आणि खुर्ची मागं सारून म्हणायचं, "वाच." अक्कांच्या ऑफिसात कामाला अशी सुरुवात व्हायची. शाहूपुरीत, एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत त्या कर सल्लागार म्हणून बसत. त्यांच्याकडे पगारदार कमी. फोटोग्राफर, भाषांतरवाले, माझ्यासारखी पुस्तकांत चित्रं काढणारी, अशी सुटी-सुटी कामं करणारी माणसंच जास्त. तुम्हीही त्यातले असाल, तर ही मंडळी कागदाला किती भितात ते मी वेगळं सांगायला नको.

"अक्का, मला यातलं कळत नाही," असं म्हटलं की उत्तर ठरलेलं. "कळत न्हाय न्हवं, वाचत न्हाईस. चित्रात एवढं बारीक बघतीस, हितं दोन वळी जड झाल्या व्हय?"

एकदा लग्नाचे फोटो काढणारा एक जण बायकोची पैठणी धंद्याच्या खर्चात लावायला घेऊन आला. अक्कांनी पावती उलटसुलट करून बघितली. "पावणं, साडी नेसून फोटो काढता व्हय?" सगळ्यांत आधी हसला तो तोच. मग त्याच अक्कांनी कॅमेऱ्याचा घसारा, मदतनिसाची मजुरी, असे त्याला ठाऊकही नसलेले खर्च काढून दिले. "हक्काचं सोडायचं न्हाय, खोटं जोडायचं न्हाय. झालं की!"

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले, ते इन्कम टॅक्सची नोटीस घेऊन. तोवर ओळखीतला एक जण माझं विवरणपत्र भरत होता. प्रकाशकांनी मानधनातून कापलेला कर तो जवळजवळ सगळा परत मिळवून द्यायचा. मला तो जादूगार वाटायचा. अक्कांनी पडदा वळवला. मी वाचत गेले. माझ्या नावावर मी कधीच न दिलेली देणगी होती, कधीच न भरलेला विम्याचा हप्ता होता. माझे कान तापले.

"हे मी लिहिलं नाही, अक्का."

"व्हय. पर खाली नाव तुझं हाय."

मला रडू फुटलं. त्यांनी चहा सांगितला आणि खिडकीकडे बघत बोलू लागल्या. "लग्नानंतर कुरुंदवाडला माहेरी गेलते. भावानं कागद म्होरं ठेवला, सही कर म्हणाला. केली. वडलांच्या रानावरचा हक्क मी सोडला, हे मला दोन वर्सांनी कळलं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मागितला असता तर दिला असता की. आनंदानं. पर देणारी मी असते तर."

त्यानंतर, तिशी उलटल्यावर, त्या कॉमर्सला गेल्या होत्या.

नोटिशीचं उत्तर त्यांनी मलाच लिहायला लावलं. मी 'अनवधानाने' असं लिहिलं. त्यांनी तो शब्द खोडला. "अनवधान कसलं? न वाचता मान्य केलं, तसं लिव." त्या खोट्या आकड्यांवर घेतलेला परतावा व्याजासकट परत भरला. स्कूटरसाठी साठवलेलं सगळं त्यात गेलं. महिनाभर धाकधूक होती. प्रकरण बंद झाल्याचं पत्र आलं, ते मी अक्कांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

पुढची दोन वर्षं त्यांनी मला शिकवलं. हातात येतं ते सगळं उत्पन्न नव्हे, कामासाठी गेलेलं वजा करून उरतं ते. कापलेला कर म्हणजे दंड नव्हे, आपल्याच नावानं आगाऊ भरलेला कर. तिसऱ्या वर्षी मी फाइल घेऊन गेले, तर त्यांनी ती उघडलीच नाही.

"औंदा फी न्हाय आन् काम बी न्हाय. जमतंय तुला. जा घरला."

मला रागच आला. दोन गल्ल्या ओलांडल्यावर कळलं, ती शाबासकी होती.

गेल्या हिवाळ्यात अक्का वारल्या. यंदा विवरणपत्र भरताना मला दिसलं, एका प्रकाशकानं कर खात्याकडच्या नोंदीत माझं एकच मानधन दोनदा दाखवलंय. मी त्या प्रकाशकाच्या हिशेबनिसाला फोन लावला, ओळ न् ओळ सांगितली. त्यानं चूक मान्य केली, दुरुस्त करतो म्हणाला. मग विचारलं, "मॅडम, तुमचं इन्कम टॅक्सचं कोण बघतं?"

अक्कांचं नाव ओठांवर आलं होतं.

"मी बघते," मी म्हणाले.