गाडीला बांधलेली वाळ्याची ताटी

आमच्याकडे चार माणसं जमली की कुणीतरी जयपूरच्या गाडीच्या एसीची गोष्ट काढतं. सगळे पोट धरून हसतात. मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात जातो. ती गोष्ट जशी सांगितली जाते तशी घडली नव्हती. कशी घडली ते फक्त मला माहीत आहे, आणि ते सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आता टाळायला फारसे दिवस उरलेले नाहीत.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. विमा कंपनीतल्या बदलीने आम्ही जयपूरला गेलो होतो आणि विद्याधर नगरात राहत होतो. वहिनी गेल्यावर नागपूरला एकट्या पडलेल्या दादांना मी कायमचं आमच्याकडे आणलं. वडील लवकर गेले होते. मला वाढवलं ते दादा-वहिनींनीच. त्यांना मूलबाळ नव्हतं.

दादांना परक्या गावात करमेल का, ही माझ्या बायकोला काळजी होती. पण जयपूरचा उन्हाळा नागपूरच्या उन्हाळ्याचा सख्खा भाऊ निघाला. होळी झाली की दादा आमचा कूलर उघडायचे, जुना वाळा काढून नवा भरायचे, पंपाला तेल द्यायचे. पहिल्यांदा पाणी सोडलं की घरभर तो ओला वास पसरायचा आणि ते डोळे मिटून म्हणायचे, "आता आलं नागपूर."

बघता बघता जयपुरातल्या सगळ्या मराठी घरांचे कूलर त्यांच्याकडे आले. बँकेतले, रेल्वेतले, कुणीही बोलवावं. दादा पिशवीत पक्कड आणि तेलाची बुधली टाकून निघायचे. परतताना हातात कुणाच्या घरची आंबाडाळ असायची, कुणाच्या घरचे सांडगे. बायको म्हणायची, "दादा, तुमच्यामुळे मला भाजी करावी लागत नाही." ते खूश व्हायचे. वहिनींनंतर त्यांना हसताना मी पाहिलं ते याच दिवसांत.

त्या मे महिन्यात माझ्या गाडीचा एसी गरम हवा फेकू लागला. गाडी पळती असली की थोडा गारवा यायचा, सिग्नलला थांबली की भट्टी. अपघात झालेल्या गाड्यांचे दावे तपासणं हे माझं काम. ऑफिसात गाडीचं काहीही अडलं की लोक मला विचारायचे. आपल्याला सगळं कळतं अशी माझी समजूत झाली होती.

एका रविवारी दादा कुणाच्या तरी कूलरसाठी गेले होते. त्यांच्या उरलेल्या वाळ्याची मी एक लहानशी ताटी बांधली आणि गाडीच्या पुढच्या जाळीमागे, एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या तोंडाशी तारेने आवळून बसवली. वर पाणी मारलं. खिडकीला ताटी लावली की खोली गार होते, मग गाडी का नाही, एवढाच माझा हिशेब. पहिल्या दिवशी हवा खरंच गार वाटली. कुणाला सांगितलं नाही. आधी खात्री करावी आणि मग मिरवावं, असं मनात होतं. मग एक धुळीची आंधी आली. ओल्या वाळ्यात वाळू बसली, ती वाळली, आणि कंडेन्सरला वाराच मिळेना.

पुढच्या सुट्टीला मराठी मंडळाच्या सहलीसाठी जागा बघायला जयपूरजवळच्या बस्सीला जायचं होतं. मी, दादा आणि मंडळाचा सचिव. तो माझ्याच ऑफिसात मला ज्युनिअर होता. शहर ओलांडेपर्यंत तिघेही घामाने निथळलो. मी रस्त्यालगतच्या गॅरेजात गाडी घातली. मेकॅनिकने बॉनेट उघडलं, वाकून बघितलं आणि आत हात घालून ती मातकट ताटी ओढून बाहेर काढली.

"साहब, गाड़ी पे ये छप्पर किसने डाला?"

सचिव माझ्याकडे बघत होता. उद्या ऑफिसात काय होईल ते मला लख्ख दिसलं.

"बड़े भाईसाहब ने," मी म्हणालो. "नागपुर के हैं, कूलर का बहुत शौक है."

दादा शेजारीच उभे होते. त्यांनी ताटीकडे पाहिलं. तारेचे पीळ पाहिले. तसे पीळ ते कधी देत नसत. मग माझ्याकडे पाहिलं आणि मेकॅनिकला म्हणाले, "हाँ भैया, मैंनेच लगाया. हमारे नागपूर में ऐसाच करते."

सचिव हसून हसून वाकला. "दादा, आता टपावर पाण्याची टाकी बसवा! नळ आत घ्या!"

मीही हसलो.

मेकॅनिकने कंडेन्सर धुतला, थोडा गॅस भरला. बस्सीपर्यंत गार हवा आली. मागच्या सीटवर दादा खिडकीबाहेर बघत बसले होते.

गोष्ट मंडळात पोचायला वेळ लागला नाही. गणपतीत तिच्यावर एक छोटं नाटुकलंही झालं; टोपी घातलेला एक म्हातारा खुर्च्या मांडून केलेल्या मोटारीवर पाणी ओततो. दादा पुढच्या रांगेत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. बायकोने मला हळूच विचारलं, "दादांनी असं कसं केलं हो?" मी म्हणालो, "वय झालं त्यांचं." खोटं बोललो त्यापेक्षा हे वाक्य मला जास्त टोचतं.

पुढच्या होळीनंतर फारसं कुणी बोलावलं नाही. कुणी मिस्त्री ठरवला होता, कुणी म्हणालं, तुम्हाला कशाला त्रास. पिशवी पलंगाखाली सरकली. उन्हाळा लागायच्या आत दादा म्हणाले, "बाबू, मी जातो नागपूरला. इथे बसून काय करून राहिलो मी?" मी थांबा म्हणालो, पण ते ज्यामुळे थांबले असते ते बोललो नाही.

नंतर एकदा थंडीत ते आजारी असल्याचं कळलं म्हणून गेलो. आगगाडीत वाक्य जुळवत गेलो होतो. पलंगाशी बसून म्हणालो, "दादा, जयपूरचं एक सांगायचं होतं."

"सांगशील न बापा. आधी जेवून घे. शेजारच्या बाईंनी पिठलं पाठवलं आहे."

मी जेवलो. मग त्या बाई ताट न्यायला आल्या आणि बोलत बसल्या. मग दादांना डोळा लागला, आणि माझ्या गाडीची वेळ झाली. पुढचा उन्हाळा लागायच्या आतच ते गेले.

दादा, ती ताटी मी बांधली होती. तुमचं नाव मी घेतलं, आणि लोक हसले तेव्हा त्यांच्यात बसून मीही हसलो. चारचौघांत उभं राहून हे सांगायला हवं होतं. माझं चुकलं.