भाऊ वर्धेला कसा पोहोचला

पोळ्याच्या दुपारी मी नागपूर सोडलं. बडोद्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती आणि रुजू होण्याची तारीख त्यांनीच ठरवली होती. गुजरातेत आपल्यासारखा पोळा नसतो. ही तारीख नागपूरच्या महाल भागातल्या एका घराला किती अडचणीची आहे, हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

आमचं महालात लाकडी सामानाचं छोटं दुकान होतं. वर्षभर पाट, पोळपाट, रव्या विकायच्या, पण दुकान खरं चालायचं ते पोळ्याला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान मुलं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात. ते बैल घ्यायला पोळ्याच्या संध्याकाळी आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नसे. त्या दुपारी बाबा रंगाऱ्याकडे गेले होते, राहिलेले बैल आणायला. चार वाजता दुकान उघडायचं काम माझ्या मोठ्या भावाकडे, पुंडलिककडे होतं. किल्ली त्याच्या खिशात होती. मधल्या वेळात मला गाडीत बसवून देऊन तो परत येणार होता.

आईने दारात माझ्या हातावर दही ठेवलं आणि म्हणाली, "पोचल्यावर कोणाले तरी विचारजो, एकटा भटकू नको." ती स्टेशनवर आली नाही. सायकलरिक्षाला लोंबकळणारी माझी वळकटी पाहत उभी राहिली.

स्टेशनवर भाऊ नेहमीप्रमाणे माझ्याआधी डब्यात शिरला, गळ्यातला दुपट्टा बाकावर पसरून जागा धरली, आणि मग मला खिडकीतून हाक मारली, "ये गा साहेब, सिंहासन तयार हाय!" आमच्याकडे पोचवायला येणारा माणूस फलाटावर उभा राहत नाही. तो डब्यात बसतो, सामान लावतो, शेजाऱ्यांना "लहान भाऊ हाय, लक्ष ठेवजा" असं सांगतो, आणि अगदी शेवटी उतरतो. त्यातच त्याचा मान असतो.

त्या काळी नागपूरला काही गाड्यांना दुसरीकडून आलेले डबे जोडत. जोडताना गाडी हिसका देऊन थोडी पुढे जायची, थोडी मागे यायची. बाहेरगावचे लोक पहिल्या हिसक्याला घाबरून उतरत आणि आम्ही नागपूरकर जागचे न हलता त्यांना हसत असू. त्या दिवशीही पहिला हिसका बसला तसा एक माणूस पिशवी तिथेच टाकून खाली धावला. भाऊ मोठ्याने हसला. म्हणाला, "पाहून राहिला ना? हा पहिल्यांदाच आला असन."

थोड्या वेळाने गाडी परत हालली. भाऊ तेव्हा खिडकीकडे पाठ करून, वाकून, माझी पेटी बाकाखाली सरकवत होता. मी बाहेर पाहत होतो. फलाटावर बाकावर बसलेला एक म्हातारा हळूहळू मागे जाऊ लागला. मग चहाचा ठेला गेला, मग पाण्याचा नळ.

भाऊने वाकल्यावाकल्याच विचारलं, "सुटली काय गा?"

मी म्हणालो, "नाही भाऊ. डबे जोडून राहिले."

घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण वेगळी. पुंडलिकभाऊ गाडीत बसले, गप्पांत रमले, गाडी सुटली ते त्यांना कळलंच नाही आणि ते वर्धेला पोचले, अशी ती आहे. लग्नांमध्ये ती सांगितली गेली आहे, बारशांमध्ये सांगितली गेली आहे. मी स्वतः ती हसत ऐकली आहे. आता मी म्हातारा झालो आणि ती दुरुस्त करायला भाऊ आणि मी सोडून दुसरा कोणी साक्षीदार उरलेला नाही. म्हणून नागपुरात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर गेलेल्या सगळ्या घरच्यांसाठी लिहितो आहे. मला फसवणूक करायची होती असं नाही. मी रामटेकच्या पलीकडे एकटा कधी गेलो नव्हतो. तो उतरला की मी एकटा, एवढंच डोक्यात होतं. गाडी पुढे थांबणार ती वर्धेला, निदान तिथपर्यंत तो बरोबर असावा. किल्ली, बैल, बाबा यांतलं काही त्या क्षणी आठवलं नाही असं लिहिलं तर तेही खोटं होईल. आठवलं होतं.

गाडीने वेग घेतला तेव्हा भाऊ उठला आणि दाराकडे धावला. तोवर स्टेशन संपलं होतं. परत आला, माझ्यासमोर बसला.

"तू त म्हणे डबे जोडून राहिले!"

"मले तसंच वाटलं," मी म्हणालो.

त्याने विश्वास ठेवला. बुटीबोरी स्टेशन मागे गेलं तेव्हा त्याने खिशातली किल्ली काढून पाहिली आणि परत ठेवली. मला रडू आलं, तर म्हणाला, "काहून रडतं? तुयी काय चूक? जाय, नीट राहा. बाबाले मी पाहून घेतो." वर्धेला तो उतरला. विनातिकीट होता, म्हणून तिथे त्याला बसवून ठेवलं. घरी पोचला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, तेव्हा गल्लीत मुलं दुसऱ्यांच्या दुकानांतले बैल घेऊन फिरत होती.

तिकडे बाबा हातगाडीभर बैल घेऊन दुकानासमोर आले, तर दाराला कुलूप. पावसाची सर आली. ताजा रंग होता, तो ओघळला. गिऱ्हाईक येत होतं, विचारत होतं, पुढच्या दुकानात जात होतं. शेवटी बाबांनी सगळ्या गल्लीदेखत स्वतःच्या दुकानाचं कुलूप हातोड्याने तोडलं. तोवर गर्दी पांगली होती.

हे मला दिवाळीत घरी आल्यावर कळलं. बाबा जेवता जेवता म्हणाले, "ज्याले गाडी हालली हे समजत नाही, त्याले दुकान काय समजन?" आई म्हणाली, "जाऊ द्या ना, किती दिवस तेच?" भाऊ खाली मान घालून वरणभात कालवत राहिला. मी त्याला गाडी सुटली नाही असं सांगितलं होतं, एवढं तरी तो बोलू शकला असता. बोलला नाही. मीही बोललो नाही. नवीन नोकरीतला मुलगा, बडोद्याहून सगळ्यांसाठी लिलो चेवडो, म्हणजे तिकडचा ओलसर चिवडा, आणि भाकरवडी घेऊन आलेला, घरात माझं फार कौतुक चाललं होतं.

नवीन कुलूप आलं, त्याची किल्ली भाऊला पुन्हा मिळाली नाही. पुढे बाबांनी दुकान आमच्या बहिणीच्या नवऱ्याच्या हाती दिलं. भाऊ कळमेश्वरच्या एका कारखान्यात लागला. निवृत्त होईपर्यंत रोज पहाटे बसने गेला आणि त्याची बस कधी चुकली नाही. पण ते कोणी मोजलं नाही. गल्लीत तो भाजी आणायला निघाला तरी ओट्यावरून कोणीतरी ओरडायचंच, "पुंडलिकभाऊ, वर्धेच्या आधी उतरजा बरं!" तोही हात वर करून म्हणायचा, "उतरतो गा, उतरतो!"

आणि मी? मी एकदा सुरतेला चहाला उतरलो आणि गाडी माझी बॅग घेऊन निघून गेली. एकदा झोप लागली आणि बडोदा मागे टाकून अहमदाबादला जागा झालो. एकदा तर बरोबर गाडीत चुकीच्या तारखेला चढलो आणि भुसावळपर्यंत दाराशी उभा राहिलो. या प्रवासांतून मी पुष्कळ शिकलो: बॅगेचा पट्टा मनगटाला गुंडाळायचा, शेजाऱ्याला आपलं स्टेशन सांगून ठेवायचं, तिकीट निघताना पुन्हा वाचायचं. पण मला कोणी नाव ठेवलं नाही. पाहणारं कोणी नव्हतं. कारखान्यात मी वसंतभाई झालो होतो, "पाक्का माणस", कधी न चुकणारा. नागपूरला कोणी बडोद्याकडे निघालं की बाबा सांगत, "वसंताले विचारा, त्याले गाड्यांचं सगळं समजते." एक भाऊ एकदा चुकला, तेही माझ्यामुळे, आणि जन्माचा वेंधळा ठरला. दुसरा तीन वेळा चुकला आणि जाणकार ठरला.

मागच्या वर्षी वहिनी गेली. भाऊ आता नागपुरातच, सक्करदऱ्याला त्याच्या मुलाकडे, नितीनकडे राहतो. या उन्हाळ्यात फोनवर एकदम म्हणाला, "वसंता, मी येतो तुयाकडं. एकटा." माझ्या घरी तो तोवर एकदाच आला होता, वास्तुशांतीला, सगळ्यांबरोबर. मला आनंद झाला. पण संध्याकाळी नितीनचा फोन आला. "काका, तुम्हीच समजवा ना त्यांना. एकट्याने नाही पाठवत मी. बाबांचं माहीत आहे ना तुम्हाला? वर्धेची स्टोरी? आता तर वय झालं." मागून त्याच्या मुलीचं, ओवीचं हसू ऐकू आलं.

मी फोन ठेवला. त्या रात्री मला कळलं की माझं "डबे जोडून राहिले" हे वाक्य अजून काम करतंय. इतक्या वर्षांनी त्या वाक्याने भाऊचं एक तिकीट रद्द केलं होतं.

मी नागपूरला गेलो. सकाळी भाऊ मला सक्करदरा तलावाकडे फिरायला घेऊन गेला. तिथे बाकावर मी त्याला सांगितलं. म्हाताऱ्याचं मागे सरकणं, चहाचा ठेला, आणि मला सगळं दिसत होतं हे. तो पाण्याकडे पाहत ऐकत होता. कुत्र्याला फिरवणारा एक ओळखीचा माणूस गेला, त्याला "राम राम" म्हणाला. मग उठला.

घराच्या गेटपाशी थांबून म्हणाला, "पोरासमोर सांग."

"सांगतो भाऊ."

"अन् सूनबाईसमोर. अन् त्या पोरीसमोर. जेवताना सांग, म्हणजे कोणी उठून जाणार नाही."

जेवताना सांगितलं. नितीनने आधी हसायची तयारी केली होती, तो मधेच थांबला. सून वाढायची थांबली. ओवीने विचारलं, "म्हणजे आजोबा विसरले नव्हते?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांनी विचारलं होतं. मी खोटं सांगितलं."

"पण तुम्ही का असं केलं?"

"मला भीती वाटली होती, बाळा."

"मग आजोबांना सांगायचं ना, थोडं थांबा म्हणून."

भाऊ शांतपणे जेवत होता. त्याने भाजी मागितली. मग नितीनकडे न बघता म्हणाला, "तिकीट काढ. खालचा बर्थ पाहून."

नितीन म्हणाला, "काकांसोबतच काढतो ना, बाबा."

"याच्यासोबत?" भाऊ म्हणाला. "याच्यासोबत गेलो तर मी कुठं उतरन, सांगता येत नाही."

सगळे हसले. तो हसला नाही.

मी आधी बडोद्याला परतलो. तो दुसऱ्या आठवड्यात एकटा आला. नितीन दर तासाला मला फोन करत होता, मी त्याला म्हणत होतो, "अरे, झोपू दे त्याला." बडोद्याच्या फलाटावर मी डब्याचा नंबर शोधत पळत होतो, तोवर भाऊ उतरून बाकावर बसलेला होता, पाय हलवत. म्हणाला, "किती उशीर गा. मी आलो केव्हाचा." मी बॅग घ्यायला हात पुढे केला, त्याने दिली नाही.

पहिले दिवस चांगले गेले. माझी बायको बडोद्याचीच, तिच्या गुजराती बोलण्याला तो नागपुरी हिंदीत उत्तर द्यायचा आणि दोघांचं उत्तम जमायचं. शेजारचे काका "केम छो" म्हणाले की हा "बढिया हाय" म्हणायचा. संध्याकाळी आम्ही जुन्या गोष्टी काढायचो, पण चांगल्या तेवढ्याच.

मग एका सकाळी, पेपर वाचता वाचता, तो पेपर खाली न ठेवताच म्हणाला, "बाबा होते तवा सांगाचं होतं गा."

मी "हो" म्हणालो.

"नुसतं हो काय करतं?" आता पेपर खाली आला. "बाप मेला मायावरचा राग मनात घेऊन. शेवटच्या दिवशी पाणी मीच पाजलं त्याले. तू बडोद्याहून निघाला होता. तवाही त्यानं मले विचारलं, वसंता बरोबर गाडीत बसला ना? मी म्हटलं, हो बाबा, त्याले गाड्यांचं समजते." त्याचा आवाज चढला होता. आतून बायको दाराशी आली आणि परत गेली. "एक वेळ सांगितलं असतं तर काय झालं असतं? दोन शिव्या भेटल्या असत्या तुले. दोन!"

त्याने चष्मा पुसला, पुन्हा पेपर घेतला, बराच वेळ एकच पान धरून बसला. मग आतल्या दिशेने म्हणाला, "वहिनी, चहा मिळन काय?" माझी बायको त्याच्याहून लहान, पण तो तिला पहिल्यापासून वहिनीच म्हणतो.

इतकी वर्षं मी नागपूरच्या गाडीत बसताना "घरी चाललो" म्हणत होतो आणि बडोद्याच्या गाडीत बसतानाही तेच म्हणत होतो. दोन्हीकडे मात्र पाहुण्यासारखा वागत होतो, बरं दिसेल तेवढंच बोलायचं. त्या सकाळी भाऊ माझ्या खुर्चीत बसून माझ्यावर ओरडला आणि मग चहा मागितला, तेव्हा मला या भिंतींमध्ये पहिल्यांदा घर असल्यासारखं वाटलं.

त्याचा राग अजून गेलेला नाही. मधूनच दिवसभर बोलत नाही. काल नितीनचा फोन आला होता, बाबांना कधी पाठवता म्हणून. मी भाऊला विचारलं, परतीचं तिकीट काढू का?

म्हणाला, "राहू दे सध्या. बोलणं बाकी हाय."