ट्रंक कॉलवाल्याला ‘बसा’ म्हणावं का?

वाचनालयाच्या फळ्यापाशी रेंगाळणाऱ्या मंडळींनो, आज दुपारचीच गोष्ट.

शेजारच्या सुमनची उद्या अकोल्याला टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी मुलाखत आहे. निवड झाली तर त्या घरातला पहिला पगार. तयारी करून घ्यायला कोण, तर मी, संस्कृतचा मास्तर. यंत्रांपैकी मला फक्त घड्याळ कळतं.

टेलिफोनचा बोर्ड म्हणून तिने जुन्या पाटावर खिळे ठोकून मानोरा, मंगरूळपीर, नागपूर अशी नावं लिहिली होती. हातात जोडायच्या तारेऐवजी सुतळी, डोळे अर्धे मिटलेले. जणू सगळी गावं तिला ऐकू येत होती.

मी परगावी ट्रंक कॉल लावणारं गिऱ्हाईक झालो. “नागपूर जोडा.”

“जोडते जी. तवरक बसा.”

“सुमन, यंत्रापाशी अतिथीधर्म नसतो. बसा म्हणू नकोस.”

“काहून, गुरुजी? नागपूर लागाले दोन घंटे जातात. मानूस उभाच राह्यला तं?”

तरी मी शिस्त म्हणून तो शब्द सोडायला लावला. तेव्हापासून डोळ्यांपुढे दूर कुठेतरी फोन धरून ताटकळलेला माणूस येतो, आणि तिचा आवाज ऐकून हलकेच खाली बसतो.

तिची गाडी पहाटेची आहे. तो शब्द तिला परत देऊ का? खाली जागा सोडली आहे. दिवेलागणीच्या आत लिहा.